जबाबदारी मालकाची

पोर्ट्समथच्या बंदरात, जुलैमधल्या एका सकाळी, पिवळं जाकीट घातलेल्या एका मुलाने आमच्या गाडीच्या काचेवर कागद चिकटवला. कागदावर पंजाचं चित्र होतं. या गाडीत जनावर आहे, एवढाच त्याचा अर्थ. हे कशासाठी, असं मी विचारलं. "डेकवरच्या लोकांना कळावं म्हणून," तो म्हणाला. कळल्यावर ते काय करतात? त्याला उत्तर देता आलं नाही. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं, कारण सांगण्यासारखं कुणी काही ठरवलंच नव्हतं.

बोट फ्रान्समधल्या ऊइस्त्रआमला जाणार होती. सुमारे सहा तासांचा प्रवास. मागच्या सीटवर चिंगी, आमची पुण्याची गावठी कुत्री, सतरा किलो वजनाची. सूचना मिळाल्या त्या अशा: जनावर गाडीतच ठेवा, खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, वाडग्यात पाणी ठेवा, गाडीचा अलार्म बंद करा आणि वर या. बोट सुटली की गाड्यांच्या डेकचे दरवाजे बंद होतील. मधे खाली जाता येणार नाही.

सहा तासांनी दरवाजे उघडले तेव्हा चिंगीच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. जीभ जांभळट पडली होती. डोळे उघडे होते, पण ती बघत नव्हती. वाडगं उपडं पडलेलं, पाणी गालिच्यात मुरलेलं. पुढे लॉरींची रांग, मागे गाड्यांची रांग, गाडी इंचभरही हलवता येईना. आम्ही बाटल्यांमधलं पाणी तिच्या पोटावर, मांड्यांवर, पंजांवर ओतत राहिलो. जवळच्या काँ शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरने ताप मोजला तेव्हा तो ४१ अंशांच्या वर होता. निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असतं. दोन दिवस सलाईनवर काढून ती वाचली.

मी बोटीच्या कंपनीला पत्र लिहिलं. उत्तरात वाक्यं बरीच होती, अर्थ एकच होता. तिकिटाच्या अटींमध्ये लिहिलेलं आहे की जनावर मालकाच्या जबाबदारीवर प्रवास करतं.

हे वाक्य मी तेव्हापासून गिळू शकलेले नाही. जबाबदारी ज्याच्या हातात काही करण्याची सोय असते त्याची असते. मला सहा तास माझ्या जनावराजवळ जाऊ दिलं नाही. दारं तुमची, कुलपं तुमची, पंखे तुमचे, वेळापत्रक तुमचं. माझ्या हातात होतं ते फक्त वर कॅफेटेरियात बसून घड्याळाकडे बघणं. तरी जबाबदारी माझी! याला मी अट म्हणत नाही. हात झटकणं म्हणते.

मी नियमांची वैरी नाही, हे आधीच सांगून टाकते. इंग्लंडमधली काही माणसं कुत्र्यांच्या लसीच्या कागदांना सरकारी छळ म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. त्यांनी रेबीज पाहिलेला नाही. मी पाहिला आहे. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात कुत्रं चावलेल्या माणसाला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. सुईपेक्षा मोठी भीती होती ती न घेतल्यावर काय होतं याची. आमच्या गल्लीतला पेपर टाकणारा एक मुलगा पाण्याचा पेला बघून किंचाळायचा. चार दिवसांत तो गेला. ज्या रोगाची लक्षणं दिसू लागल्यावर डॉक्टरलाही जवळजवळ काही करता येत नाही, त्या रोगाला एखादं बेट आपल्या किनाऱ्याबाहेर ठेवू पाहत असेल तर त्याला तो हक्क आहे.

ब्रिटनला तो धडा फुकट मिळालेला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी रेबीज हटवला होता. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी फ्रान्सहून परतलेल्या सैनिकांनी लपवून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो १९१८ मध्ये परत आला आणि पुन्हा निपटून काढायला १९२२ उजाडलं. १९६९ मध्ये जर्मनीहून आणलेला एक कुत्रा सहा महिन्यांचं विलगीकरण संपवून घरी आल्यावर कॅम्बरलीमध्ये पिसाळला. म्हणजे कोंडून ठेवणं हाही पूर्ण उपाय नव्हता. तरी पुढची तीस वर्षं परदेशातून येणारं प्रत्येक कुत्रं, प्रत्येक मांजर सहा महिने पिंजऱ्यात काढत राहिलं. शेवटी १९९८ मध्ये सरकारने नेमलेल्या केनेडी समितीने सांगितलं की लस, रक्ततपासणी आणि मायक्रोचिप यांनी हेच काम होतं. २८ फेब्रुवारी २००० पासून पहिली कुत्री विलगीकरणाशिवाय उतरू लागली. विज्ञान बदललं, सरकारने नियम बदलला. हे मला मान्य आहे, म्हणूनच पुढचा प्रश्न विचारण्याचा मला अधिकार आहे असं मी समजते.

चिंगीला पुण्याहून आणताना आम्ही प्रत्येक पायरी चढलो. भारत रेबीजच्या बाबतीत ब्रिटनच्या आणि युरोपीय संघाच्या मान्य यादीत नाही, त्यामुळे आमच्यासाठी पायऱ्या जास्त. आधी मायक्रोचिप, मग लस, तीस दिवसांनी रक्त, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, त्यात प्रतिपिंडांचं प्रमाण निदान ०.५ यायला हवं. आणि रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. आम्ही थांबलो. मुंबईच्या प्राणी विलगीकरण कार्यालयाचं प्रमाणपत्र घेतलं. ब्रिटनमध्ये विमानाने उतरायचं तर घरचं कुत्रं मालवाहतूक म्हणूनच यावं लागतं, प्रवाशासोबत नाही. म्हणून विमानाने अ‍ॅम्स्टरडॅम गाठलं. तिथल्या डॉक्टरकडून पट्टकृमीचं औषध दिलं, तेही ब्रिटनमध्ये पोहोचण्याआधी चोवीस तासांहून कमी नाही आणि एकशेवीस तासांहून जास्त नाही अशा बेताने. आणि हुक ऑफ हॉलंडहून हार्विचची रात्रीची बोट पकडली.

त्या बोटीवर चिंगी आमच्या खोलीत झोपली. पुसता येईल अशी फरशी, कोपऱ्यात तिची चादर, बाहेर उघड्या डेकवर तिला फिरवायला राखलेली जागा. इंजिनाचा घुर्र आवाज सुरू झाल्यावर ती तासभर कान टवकारून बसली. मग माझ्या चपलेवर हनुवटी टेकवून पहाटेपर्यंत घोरली. सकाळी हार्विचला ती शेपटी हलवत उतरली. आमच्याकडे गाडी नव्हती, आम्ही पायी प्रवासी होतो, तरीही हे झालं.

त्याच कुत्रीने, वर्षभराने दुसऱ्या बोटीवर काय भोगलं ते वर सांगितलं आहे. म्हणून "बोटीवर हे शक्य नाही" असं कुणी मला म्हणू नये. शक्य आहे. मी तिथे झोपले आहे.

आता त्या बंद डेकविषयी. माणसांना तिथे थांबू देत नाहीत याला सबळ कारण आहे, आणि ते कारण मला पटतं. ६ मार्च १९८७ रोजी झेब्रुगेहून निघालेली 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' पुढचं दार उघडं राहिल्यामुळे उलटली, पाणी आधी गाड्यांच्या डेकवर घुसलं आणि १९३ माणसं गेली. आगीचं भय वेगळंच. २०१४ च्या डिसेंबरमध्ये 'नॉर्मन अटलांटिक' गाड्यांच्या डेकवरून पेटली. २०२२ च्या फेब्रुवारीत ग्रीसहून इटलीला जाणाऱ्या 'युरोफेरी ऑलिंपिया'वर आग लागली तेव्हा जिवानिशी गेले ते ट्रकचालक होते, आणि खाली आपल्या केबिनमध्ये ट्रकचालक झोपतात हा प्रश्न साऱ्या युरोपभर चर्चेला आला. बोटीवरची सगळ्यांत धोक्याची जागा कोणती, तर ही.

आणि जी जागा माणसासाठी इतकी धोक्याची म्हणून कुलूपबंद करता, तिथेच कुत्र्याला ठेवा म्हणता! सुरक्षेचं कारण सांगून मला वर पाठवता आणि त्याच कारणाने असुरक्षित ठरलेल्या जागी माझं जनावर कोंडता. हे तर्काला धरून नाही. कंपनीच्या सोयीला मात्र धरून आहे. वेगळी खोली नको, पिंजरे नकोत, फरशी पुसायला माणूस नको, तिकिटाचे पैसे मात्र हवेत. त्या फेरीला चिंगीचं भाडं आम्ही भरलं होतं. पावती आहे माझ्याकडे.

डेकवर पंखे असतात, हे मला ठाऊक आहे. ते धूर आणि पेट्रोलची वाफ बाहेर ओढण्यासाठी असतात. दोन बोटं उघड्या खिडकीतून गाडीच्या आतली हवा बदलण्याचं काम त्यांना कुणी दिलेलं नाही. भोवती तापलेली इंजिनं, शीतपेटीच्या लॉरींची घरघर, दमट हवा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं आणि तोंडातला ओलावा वाफ होऊन गेला तरच त्याचं अंग निवतं. हवा आधीच दमट असेल तर वाफ जाणार कुठे? चपट्या नाकाच्या पग आणि बुलडॉगला तर बाहेर बागेतसुद्धा धाप लागते. त्यात भीतीची भर घाला: साखळ्यांचा खणखणाट, हलणारी जमीन, अर्धवट अंधार, आणि वास ओळखीचा असलेलं माणूस कुठेही नाही.

मला सगळ्यांत जास्त जाळणारी गोष्ट पुढे आहे. युरोपीय संघाचा २००५ चा जनावर-वाहतुकीचा पहिल्या क्रमांकाचा नियम घ्या. गुरं, मेंढ्या भरलेल्या लॉरी बोटीवर बंद डेकवर चढणार असतील तर कप्तानाने आधी खात्री करायची की डेकवर यंत्राने हवा खेळवण्याची सोय आहे, ती बंद पडली तर वाजणारी घंटा आहे, आणि वीज गेली तर दुसरा पुरवठा आहे. कत्तलखान्याला निघालेल्या मेंढीसाठी हे लिहिलेलं आहे. चांगलंच आहे, मेंढीलाही श्वास लागतो. पण हा नियम व्यापारासाठी होणाऱ्या वाहतुकीलाच लागू आहे. घरच्या माणसांबरोबर निघालेलं कुत्रं त्याच्या बाहेर पडतं. ब्रिटनने तर २०२४ मध्ये कायदा करून कत्तलीसाठी जिवंत गुरं-मेंढ्या समुद्रापार पाठवणं बंद केलं, लांबचा प्रवास जनावराला सोसवत नाही म्हणून. त्याच संसदेच्या नजरेला कार-डेकवरचं कुत्रं पडलेलं नाही. विकायला नेलं असतं तर चिंगीसाठी घंटा वाजली असती. आम्ही तिला प्रेमाने नेलं, म्हणून तिच्यासाठी काही वाजलं नाही.

कागद तपासणाऱ्यांचीही एक गोष्ट सांगते. बंदराच्या खिडकीतून चिप वाचायचं यंत्र बऱ्याचदा मालकाच्याच हातात देतात. आपणच ते कुत्र्याच्या मानेवरून फिरवायचं, आकडा जुळला की परत द्यायचं. खिडकीतल्या माणसाला कुत्रं दिसतसुद्धा नाही. आमच्या चिंगीचा पंधरा अंकी क्रमांक किती वेळा तपासला गेला याची मोजदाद नाही. ती धापा टाकते आहे का, आजारी आहे का, सहा तास सोसण्याच्या स्थितीत आहे का, हे एकदाही कुणी बघितलं नाही. रोग आत येऊ नये यासाठी इतकी जागरूकता असलेल्या व्यवस्थेला जनावर जिवंत पोहोचतं की नाही याची चौकशी करणारी एक ओळसुद्धा आपल्या फॉर्मवर छापावीशी वाटली नाही.

ब्रेक्झिटनंतर कागद आणखी वाढले. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनचा जुना पाळीव प्राण्यांचा पासपोर्ट युरोपात चालेनासा झाला. आता दर खेपेला नवं आरोग्य प्रमाणपत्र, तेही निघण्याआधी दहा दिवसांच्या आत, सरकारमान्य डॉक्टरकडून, इंग्रजीत आणि ज्या देशात उतरणार तिथल्या भाषेत. खर्च शंभर पौंडांच्या वर, बऱ्याच ठिकाणी दोनशेच्या घरात. कुत्र्याच्या अंगातली लस तीच, चिप तीच, रोगाचा धोका डिसेंबरमध्ये होता तेवढाच जानेवारीत. बदललं फक्त राजकारण. रेबीजच्या नियमांमागे मेलेली माणसं उभी आहेत, म्हणून मी त्यांच्यापुढे मान झुकवते. या प्रमाणपत्रामागे कुणी उभं नाही. मे २०२५ मध्ये लंडन आणि ब्रसेल्सने मिळून ठरवलं की हा जाच कमी करायचा, पासपोर्ट पुन्हा आणायचे. आणा. पण त्या मसुद्यात बोटीच्या डेकविषयी अक्षर नाही, आणि हे मला त्या दोनशे पौंडांहून जास्त टोचतं.

कार नसलेल्यांचं काय, हे तर कुणी विचारतच नाही. समुद्राखालून जाणारी युरोस्टार गाडी पाळीव प्राणी घेत नाही. बोगद्यातून गाड्या नेणाऱ्या शटलला मोटार लागते. डोव्हरहून पायी प्रवाशाला कुत्र्यासह चढणं जवळपास बंदच. उरतात हार्विच, न्यूकासल, न्यूहेवन असे दोन-चार मार्ग, आणि तिथल्या जनावरांसह राहायच्या खोल्या उन्हाळ्यात महिनोन् महिने आधी संपलेल्या. लीड्सला किंवा स्लाउला भाड्याने राहणारा, नुकताच नाशिकहून आलेला एखादा पोरगा आपल्या म्हाताऱ्या मांजराला कसा आणणार? तो आणत नाही. ते मांजर शेजाऱ्यांकडे सोडून येतो, आणि व्हिडिओ कॉलवर त्याला बघतो. असे फोन मी ऐकले आहेत.

दुसऱ्या टोकाला 'क्वीन मेरी २' आहे. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क जाणाऱ्या या जहाजावर कुत्र्या-मांजरांसाठी चोवीस पिंजरे आहेत, त्यांची निगा राखायला माणूस आहे, फिरवायला राखीव डेक आहे, तिथे कुत्र्यांनी पाय वर करावा म्हणून दिव्याचा खांबही उभा केलेला आहे. एवढ्या लांबच्या प्रवासात ही सोय होते, म्हणजे इंग्लिश खाडीत ती न होण्याचं कारण समुद्र नाही. १९१२ मध्ये 'टायटॅनिक'वर कुत्र्यांसाठी कोठड्या होत्या आणि त्यांना डेकवर फिरवायला नेत असत. शंभर वर्षांपूर्वीची माणसं जे करत होती ते आज जमत नाही असं सांगणाऱ्या कंपनीवर मी विश्वास ठेवत नाही.

मला उत्तरं ठाऊक आहेत, सगळी ऐकून झाली आहेत. काही प्रवाशांना कुत्र्याच्या केसांची अ‍ॅलर्जी असते. असते, म्हणून वेगळा भाग ठेवा, बऱ्याच बोटींनी ठेवला आहे. काहींना भीती वाटते. माझ्या सासूबाईंनाही वाटते, त्यांच्या बाजूने मी भांडेन. कुत्री भुंकतात, घाण करतात. करतात, आणि मालकांनी ती उचलावी, न उचलणाऱ्याला जबर दंड करा. डोव्हर-कॅले दीड तासाचं अंतर आहे, तेवढा वेळ थंडीत कुत्रं गाडीत बसू शकतं, हेही मी मान्य करते. जुलैमधले सहा तास म्हणजे दीड तास नव्हे.

आणि मालकांनाही सोडणार नाही. प्रवासाआधी कुत्र्याला गुंगीची गोळी देऊन "झोपून जाईल बिचारं" म्हणणारे मी पाहिले आहेत. गुंगीतलं जनावर आपलं तापमान सांभाळू शकत नाही, म्हणून डॉक्टर नको म्हणतात, तरी हे देतात. ऑगस्टच्या उन्हात फ्रेंच बुलडॉगला समुद्रकिनाऱ्याच्या फोटोसाठी नेणारेही पाहिले. अशांना मी सहानुभूती दाखवणार नाही. मी स्वतः त्या सकाळी बंदरातून गाडी परत वळवायला हवी होती. तिकिटाचे पैसे गेले असते. मी वर गेले, हे माझ्या मनातून जात नाही.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गेलो होतो तेव्हा ही कशी वरच्या डेकवर वाऱ्याला उभी होती. तिथे कुणी काही म्हणालं नाही. मुक्या जनावराला अंधारात कोंडून कोण जातं?" मुंबई ते मांडवा जेमतेम तासाभराची रो-रो बोट. तिथे आमच्या चिंगीला वारा मिळाला होता.

माझं मागणं लांबलचक नाही. मेंढीला जी हवा, जी घंटा आणि जी दुसरी वीज कायद्याने मिळते, ती कार-डेकवरच्या कुत्र्याला द्या. दोन तासांहून लांबच्या फेरीत तासातासाने एका खलाशाने पंजाचा कागद लावलेल्या गाड्यांजवळून विजेरी घेऊन जावं, आणि मालकाला त्याच्यासोबत एकदा खाली जाऊ द्यावं. काही बोटी हे आजही करतात. गरमीचे दिवस असले आणि हे जमणार नसेल तर त्या फेरीचं जनावराचं तिकीट विकू नका. आणि तिकिटाच्या अटींतून ते एक वाक्य काढा. ज्याच्याकडे किल्ली, त्याच्याकडे जबाबदारी.

२०२२ मध्ये युक्रेनमधून माणसं कुत्री-मांजरं छातीशी धरून निघाली, तेव्हा युरोपने काही दिवसांत कागदांची अट सैल केली. कागद घट्ट ठेवायचे की सैल, हे माणसं ठरवतात. डेकचंही माणसंच ठरवतात.

यंदा आम्ही पुन्हा हुक ऑफ हॉलंडच्या बोटीची जनावरांची खोली बघितली. ऑगस्टअखेरपर्यंत एकही नव्हती. गेलो नाही. गाडीचं मागचं दार उघडलं की चिंगी अजूनही दोन पावलं मागे सरते आणि अंगणात बसून राहते. माझा मुलगा तिला उचलून आत ठेवू बघतो तेव्हा ती गुरगुरत नाही. फक्त थरथरते.